सत्तावीस कार्डं

मी कॉम्प्युटरची चोरी पकडली तेव्हा मी कॉम्प्युटर पाहिलेलाही नव्हता. हे मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितलंय, आणि प्रत्येक जण आधी हसतो. हसू देत. मशीन पुण्यात होतं, मी दौंडात होते, आणि आमच्या दोघांच्या मध्ये एक पत्र्याची ट्रंक होती. ती रोज सकाळच्या पॅसेंजरनं जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. त्या ट्रंकेतून सत्तावीस कार्डं पाठवून मी त्या मशीनला खोटं पाडलं. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवून कुणाचं भलं झालंय?

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पुण्याच्या एका कंपनीनं दौंड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या धान्याच्या गोदामात पंचिंगची शाखा काढली होती. पुण्यापेक्षा इथं जागा स्वस्त, मुली स्वस्त आणि गाडी दारात. आम्ही चौदा जणी होतो. गिऱ्हाइकांचे कागद यायचे. कुणाची सभासदांची यादी, कुणाचे परीक्षेचे गुण. ते समोर ठेवून टाइपरायटरसारख्या यंत्रावर बोटं चालवायची, की लांबट जाड कार्डांवर भोकं पडायची. पुण्याचं मशीन ती भोकं वाचायचं. भोकांतून पडलेल्या बारीक टिकल्यांची पोती भरायची. मुली त्या लग्नात उधळायला घरी न्यायच्या आणि मग आठवडाभर नवरीच्या केसांतून टिकल्या निघायच्या.

मी पंचिंग करत नव्हते. मी पडताळणीवाली. दुसरीनं भोकं पाडलेलं कार्ड माझ्या यंत्रात घालायचं, तोच मजकूर पुन्हा टाइप करायचा, आणि फरक पडला की लाल दिवा लागायचा. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझी आई म्हणायची, हिला स्वभावाला धरून नोकरी मिळाली.

खरं तर मला प्रोग्राम लिहायचे होते. रोज दौंड-पुणे करून गणितात बी.एस्सी. झाले होते. वडील इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. कंपनीत मुलाखत चांगली चालली होती. मग त्यांनी आडनाव ऐकून गाव विचारलं, गाव ऐकून गावात कुठं राहता ते विचारलं, आणि ते कळल्यावर म्हणाले, दौंडच्या शाखेत पंचिंगला जागा आहे. मी ती घेतली. पण शाखेच्या कपाटात फोरट्रान ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक कुणीतरी पाठवून ठेवलं होतं, ते मी सही न करता घरी नेलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून दोनदा वाचून काढलं.

आमच्यातली सगळ्यात पक्की पंचिंगवाली म्हणजे अक्का. ती शिरूरची. नवऱ्यानं टाकलेली, भावाकडे राहायची, रोज एसटीनं यायची. वयानं मोठी म्हणून सगळ्याच तिला अक्का म्हणायच्या. तिच्या कार्डावर लाल दिवा लागायचाच नाही. मी तिची कार्डं मुद्दाम मागून घ्यायचे, एकदा तरी लागावा म्हणून. दीड वर्षात एकदाच लागला आणि तेव्हा चूक माझी निघाली. ती नुसती हसली. त्या हसण्याचा मला महिनाभर राग होता.

आता आमच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच घडलं. आमची कार्डं पुण्याच्या मशीननं नीट वाचली की नाही हे बघण्यासाठी एक चाचणीचा प्रोग्राम चालवत. त्याचे छापील कागद संध्याकाळी ट्रंकेतून परत यायचे. आमची यादी संपली की त्यापुढं पाच-सहा पानं भलतंच काहीतरी छापलेलं असायचं. आकड्यांचा गोंधळ, मध्येच इंग्रजी अक्षरं. आम्ही त्यांना भुताची पानं म्हणायचो. कागद मात्र झकास. रुंद, जाड, मागची बाजू कोरी. दर शनिवारी ती पानं फाडून मुलींना सारखी वाटायचं काम माझ्याकडे होतं. कुणी फडताळात अंथरायची, कुणी भाकरी बांधायला न्यायची, कुणी पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायची. वाचत कुणीच नव्हतं. एकेक भोक तपासणारी मी, पण मीही कधी वाचली नाहीत. आपली यादी संपली, पुढचं आपलं नाही, एवढंच डोक्यात.

अक्कानं अशी दोन पानं भाच्याच्या वहीला घातली. भाचा शिरूरच्या शाळेत सातवीत. त्याचे मास्तर तळेगाव ढमढेऱ्याचे. वही तपासताना त्यांना कव्हरावर आपल्याच गावातल्या एका पोराचं नाव दिसलं, पुढं गुण, पुढं निवड झाल्याची खूण. एका संस्थेनं घेतलेल्या नोकरभरतीच्या परीक्षेची ती यादी होती. मास्तरांनी आनंदानं आठवडी बाजारात पोराच्या बापाला सांगितलं, बापानं पेढे वाटले. निकाल मात्र अजून लागायचा होता. चार दिवसांत संस्थेची माणसं शिरूरला अक्काच्या दारात आणि तिथून आमच्या शाखेत.

आमच्या व्यवस्थापकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "या परीक्षेचे इथं फक्त नंबर आणि गुण पंच होतात. नावांची यादी पुण्यात मशीनवर तयार होते, ती कुलपात असते. मग तुमच्या घरी कशी आली?"

"रद्दीतली हाय, सायेब," अक्का म्हणाली.

"रद्दी कोणी दिली?"

अक्का गप्प. मी चार हातांवर माझ्या स्टुलावर बसले होते. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि मी उठले नाही. हे लिहायला आजही जड जातं, पण उठले नाही.

पुढच्या शनिवारी पुण्याहून मोठे साहेब चौकशीला येणार होते. तोवर अक्कानं घरी बसायचं. चौकशी नावालाच होती, शनिवारी तिला काढणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. फरक इतकाच, की चोर कोण हे मलाही ठाऊक नव्हतं.

रविवारी मी शिरूरला गेले. अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. आत भावजय भांडी जरा जास्तच जोरात आदळत होती.

"अक्का, माझं नाव का नाही घेतलंस?"

"घिऊन काय झालं आसतं? एकीच्या जागी दोघी गेल्या आसत्या. पानं आपुआप येत्यात हे कुणी खरं धरलं आसतं का?"

"मग आता?"

"आता काय. चोर म्हनून घरी बसले तर हितली मानसं दोन दिस गप ऱ्हातील. तिसऱ्या दिशी माझी वळकटी रस्त्यावर." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तू शिकलेली हायेस ना? दीड वरीस माझ्या चुका हुडकल्या, एक घावली न्हाई. आता त्या मशीनची हुडक."

परतीच्या एसटीत न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत मी त्याच एका प्रश्नावर होते. चाचणीचा प्रोग्राम मशीनकडे हजार ओळींची जागा मागतो. आमची कार्डं सातशे. मग उरलेल्या तीनशे ओळी तो कुठून छापतो? त्या रिकाम्या असायला हव्यात. पण रिकामं म्हणजे काय? धर्मशाळेतली खोली एक प्रवासी गेल्यावर दुसऱ्याला देतात. मध्ये कुणी झाडू मारलाच नाही, तर आधीच्याचं सामान, चिठ्ठ्यासुद्धा, तिथंच पडलेल्या असणार. कोणत्या कामाला कोणती जागा द्यायची हे ठरवणारा एक मोठा प्रोग्राम मशीनमध्ये कायम असतो, असं पुस्तकात होतं. जागा देण्याआधी तो ती पुसतो, असं मात्र पुस्तकात कुठंच नव्हतं. मी चौफुल्याला उतरून दुसरी गाडी धरायची विसरले, पुढच्या गावापर्यंत गेले आणि तिथून उलटी आले. पण उत्तर मला मिळालं होतं. आता सिद्ध करायचं होतं.

मी एक प्रोग्राम लिहिला. मशीनकडे भरपूर जागा मागायची, तिच्यात काहीही ठेवायचं नाही, आणि जे आहे ते छापायचं. बस. सत्तावीस कार्डं झाली. शाखेला चाचणीसाठी एक नंबर होता, त्या नंबराखाली मी ती चाचणीच्या गठ्ठ्यामागं लावली. परवानगी विचारली नाही, कारण नाही म्हणाले असते. ट्रंक रोज एकदा जाणार, म्हणजे रोज एकच डाव. सोमवार ते शुक्रवार, पाच डाव.

सोमवारी संध्याकाळी कागद आले. पानंच्या पानं नुसत्या फुल्या. मी आकडे म्हणून छापायला सांगितलं होतं आणि तिथं अक्षरं असावीत. मशीनला ती आकड्यांच्या रकान्यात बसवता येईनात, म्हणून ते फुल्या मारत होतं. मी एक कार्ड बदललं.

मंगळवारी मशीननं प्रोग्राम घेतलाच नाही. एका कार्डात स्वल्पविराम राहिला होता. सगळ्या शाखेच्या चुका काढणाऱ्या बाईनं स्वतःची कार्डं स्वतः पंच केली आणि पडताळणी मात्र कुणाकडून करून घेतली नव्हती! अख्खा दिवस गेला. मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या मुलीनं विचारलं, कुणाशी भांडतेस?

बुधवारी अक्षरं आली. पण ती आमचीच, त्याच दिवशी चाचणीला पाठवलेली नावं. माझं म्हणणं खरं होतं एवढं मला कळलं, पण साहेबांना ते दाखवून काय उपयोग? गुरुवारी मी जास्त जागा मागितली, तर मशीननं काम बाहेर फेकलं. मर्यादेपेक्षा जास्त मागता, असं छापून पाठवलं. कुणाला मर्यादा सांगतंय!

गुरुवारी संध्याकाळी मी ट्रंक नेणाऱ्या शिपाई मामांना गाठलं. पुण्यात आपलं काम कितव्या नंबरला लागतं, ते विचारलं.

"सगळ्यात पयलं. मी गाडीतनं उतरलो की थेट काउंटर. आपल्या शाखेची कवा खोटी झाली न्हाई," मामा छाती फुगवून म्हणाले.

म्हणजे आमच्या आधी कुणी नसायचंच. फक्त गर्दीच्या दिवशी कधी आमचं मागं पडत असेल आणि तेव्हाच दुसऱ्यांची नावं येत असतील. मी मामांना सत्तावीस कार्डांचा वेगळा गठ्ठा दिला. कडेवर निळ्या पेन्सिलीनं तिरपी रेघ मारून दिली, हातून पडून विस्कटला तरी रेघ जुळवून लावता यावा. "मामा, चाचणीचं नेहमीसारखं द्या. पण हे दुपारी जेवणं झाल्यावर द्या. कुणाचं मोठं काम चालू असेल त्याच्या मागं."

"लेट द्यायचं?" त्यांचा चेहरा पडला. "माझ्या सर्व्हिशीत असं कवा केलं न्हाई, बाई."

"अक्कासाठी, मामा."

कार्डं त्यांनी ट्रंकेत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

शुक्रवारी मी फलाटावरच उभी होते. गाडी थांबते न थांबते तोच ट्रंक उघडायला लावली. पहिलं पान, आकडे. दुसरं पान, आकडे. तिसऱ्या पानावर एक यादी सुरू झाली. कंपनीच्याच पुण्याच्या अधिकाऱ्यांची सेवाज्येष्ठता यादी. नाव, हुद्दा, जन्मतारीख, निवृत्तीचा दिवस. उद्या चौकशीला येणारे साहेब चौथ्या ओळीत होते. केस काळेभोर ठेवून चाळिशीचे म्हणवून घेणाऱ्या साहेबांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी फलाटावर मोठ्यानं हसले. मामांना वाटलं, पोरीला ताण सोसला नाही.

शनिवारी अक्काला बोलावलं होतं. ती इस्त्रीचं पातळ नेसून आली आणि भिंतीशी उभी राहिली. साहेबांनी कागद उघडायच्या आधी मी माझे कागद त्यांच्यासमोर ठेवले. ते वाचत गेले, चौथ्या ओळीवर थांबले आणि त्यांनी पान पटकन पालथं घातलं.

"हे कुठून चोरलंत?"

घ्या. आता चोर दोन झाले. पण मला भीती वाटली नाही, राग आला, आणि राग आला की मला नीट बोलता येतं. मी धर्मशाळेपासून सगळं सांगितलं. व्यवस्थापक मध्येच म्हणाले, मशीन असं करत नाही. मी म्हटलं, "मशीन काय करतं ते तुम्ही आम्ही बोलून ठरणार नाही. साहेब, ही कार्डं तुम्ही स्वतः घेऊन जा. कुणाच्या हातात देऊ नका. तुमच्या मनाला येईल त्या कामाच्या मागं लावा. रिकामी पानं आली तर अक्काच्या आधी मला काढा."

साहेबांनी गठ्ठा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "ही पानं इतके दिवस येत होती, तर कुणी कळवलं का नाही? वाटत कोण होतं?"

अक्का तेव्हाही गप्प राहिली असती. मला ते दुसऱ्यांदा सोसलं नसतं. "मी वाटत होते," मी म्हटलं. "दर शनिवारी. अक्काला ती दोन पानं मीच दिली. वाचली मात्र कुणी नाहीत, मीही नाही. ती माझी चूक." व्यवस्थापकांचा चेहरा सांगत होता की हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. असेल. पण त्या आठवड्यात पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला.

साहेब कार्डं खिशात घालून गेले. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी दुपारी पुण्याहून फोन आला. व्यवस्थापक बोलता बोलता खुर्चीतून उठून उभे राहिले. साहेबांनी सोमवारी चार वेळा ती कार्डं चालवली होती. चारही वेळा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे कागद बाहेर आले होते. आता प्रत्येक काम सुरू होण्याआधी जागा पुसून घेण्याची व्यवस्था होणार होती. मला एक लेखी ताकीद मिळणार होती, पानं वाटल्याबद्दल. आणि दर महिन्याला मशीनच्या अशा चुका शोधणारा एक प्रोग्राम लिहायचं काम, तेही मलाच. पुढं कित्येक वर्षं मी तेच केलं. मशीनं बदलली, कार्डं गेली, पण सभ्य दिसणाऱ्या वस्तूला आतून काय लपवलंस असं विचारायची खोड गेली नाही.

अक्काला उद्यापासून कामावर या, असं पत्र गेलं. ती आली नाही. मामांबरोबर निरोप आला: चोर म्हणून शिरूरला येऊन विचारलं, आता चोर नाही हेही शिरूरला येऊनच सांगा. व्यवस्थापक म्हणाले, बाईचा तोरा बघा. पण साहेब माणूस वाईट नव्हते. रविवारी जीप घेऊन आले आणि मला बरोबर घेऊन शिरूरला गेले.

भावाच्या अंगणात आळी जमली होती. मास्तरही आले होते, मान खाली घालून. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "या बाईंचा यात काहीही दोष नाही. दोष आमच्या मशीनचा होता. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागतो."

मग शेजारचे एक म्हातारे आबा काठीवर रेलून म्हणाले, "म्हंजी चोर मशीन?"

"तसंच म्हणा," साहेब म्हणाले.

"आन् धरलं कुनी? तुमी?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत अक्कानं माझ्याकडे बोट केलं. "हिनं धरलं, आबा. आन् ती पानं मला देनारी बी हीच!"

सगळं अंगण हसलं. साहेब हसले, मास्तर हसले, माझे कान तापले. आणि तरीही सांगते, त्या अंगणात मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा नंतर कुठल्या टाळ्यांनी वाटला नाही. मशीन हरलं याचा होताच, पण त्याहून जास्त अक्का पुन्हा मान वर करून माझी थट्टा करत होती याचा.

भावजय चहा घेऊन बाहेर आली. आजवर अक्काचा डबा अक्काच करत आली होती, हे मला ठाऊक होतं. भावजयीनं सगळ्यांना कप दिले, ट्रे काखेत धरला आणि जाता जाता सगळ्यांदेखत विचारलं, "वन्सं, उद्याची एसटी कितीची? डबा करायचा हाय."

"सातची," अक्का म्हणाली.